मनोरुग्णालयांच्या व्यवस्थापनाला खुले पत्र: पहारा वाढवण्याआधी एवढे करा

प्रति,
मनोरुग्णालयांची व्यवस्थापन मंडळे, वैद्यकीय अधीक्षक, आणि बांधकाम व देखभाल विभागांचे प्रमुख

स. न. वि. वि.

वॉर्डात काही गंभीर घडले की दोन-तीन दिवसांत आदेश निघतात: कॅमेरे वाढवा, सुरक्षारक्षक वाढवा, दारांना जादा कुलपे लावा. आदेश काढणाऱ्यांची तळमळ खरी असते, यात शंका नाही. पण कॅमेरा घडलेले टिपतो, घडायचे थांबवत नाही. प्रशिक्षण नसलेला रक्षक चिडलेल्या माणसासमोर उभा राहिला की प्रकरण बहुतेक वेळा हातघाईवर येते. आणि जादा कुलूप आगीच्या रात्री काय करते, ते पुढे लिहिले आहे. आमचे म्हणणे एकच आहे. मनोरुग्णालयातले बहुतेक धोके ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी येतात, ते आधी ओळखता येतात, आणि तिथे केलेला खर्च रुग्ण, कर्मचारी आणि भेटीला येणारे नातेवाईक या तिघांनाही एकदमच वाचवतो. पैसा आणि लक्ष आधी तिथे द्या.

सुरक्षेचा विचार "रुग्णापासून इतरांना वाचवायचे" इथून सुरू झाला की पुढचे सगळे चुकत जाते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 35 अभ्यासांमधले, तीव्र आजाराच्या वॉर्डांतले सुमारे 24 हजार रुग्ण होते. त्यांपैकी 17 टक्के रुग्णांनी दाखल असताना एकदा तरी हिंसक कृती केली. म्हणजे सहांतले पाच जण कुणावरही हात उचलत नाहीत. वॉर्ड असुरक्षित असला तर चोवीस तास त्याची झळ सोसणारे हेच पाच जण असतात. कर्मचाऱ्याची निदान शिफ्ट संपते.

आधी आगीबद्दल. ऑगस्ट 2001 मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका निवासात आग लागली आणि 28 जण गेले. माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. एप्रिल 2013 मध्ये मॉस्कोजवळच्या रामेन्स्की इथल्या मनोरुग्णालयात 38 जणांचा मृत्यू झाला. खिडक्यांना गज होते. डिसेंबर 2021 मध्ये जपानमधल्या ओसाकात एका मानसोपचार क्लिनिकला आग लावली गेली, आग बाहेर पडायच्या वाटेजवळच होती, आणि 26 जण गेले. तीन देश, तीन वेगळ्या प्रकारच्या जागा, पण आतल्या माणसांना बाहेर पडता आले नाही हे तिन्हीकडे सारखेच.

म्हणून वॉर्डातून बाहेर जाणारी सगळी दारे एकाच किल्लीने उघडली पाहिजेत, आणि ती किल्ली ड्युटीवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या अंगावर हवी. टेबलाच्या खणातली किल्ली धुरात सापडत नाही. इलेक्ट्रॉनिक कुलूप असेल तर आगीचा इशारा वाजताच किंवा वीज जाताच ते आपोआप उघडणारे हवे, आणि महिन्यातून एकदा खरोखर वीज बंद करून ते पाहिले पाहिजे. खिडकीला गजांपेक्षा न फुटणारी पॉलीकार्बोनेटची किंवा लॅमिनेटेड काच आणि 100 मिलिमीटरपेक्षा जास्त न उघडणारी झडप चांगली. जिथे जाळी काढणे आज शक्य नाही तिथे ती बिजागरीवर बसवा आणि त्याच किल्लीने आतून उघडू द्या. गादी, उशी आणि पडदे सहज पेट न घेणाऱ्या कापडाचे घ्या.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती आगीतून बाहेर पडण्याच्या सरावाच्या बाबतीत. सराव दुपारी होतो, तेव्हा सगळा स्टाफ हजर असतो आणि रुग्ण जागे असतात. रात्री दोन वाजता त्याच वॉर्डात दोन माणसे असतात आणि निम्मे रुग्ण औषधांच्या गुंगीत असतात. सराव त्या दोन माणसांनिशी करा आणि घड्याळ लावा. गुंगीतल्या माणसाला उचलून जिने उतरणे दोघांना जमत नाही. म्हणून त्याच मजल्यावर, आगरोधक दारापलीकडच्या भागात आधी न्यायचे, जिना नंतर. त्यासाठी गादीखाली ओढून नेण्याची चादर आधीपासून अंथरलेली असावी. कोणाला बांधून ठेवण्याची वेळ आलीच, तर त्याच्याजवळ सतत एक माणूस बसलेला हवा आणि पट्टे सोडवण्याची किल्ली त्या माणसाच्या हातात हवी. या नियमाला अपवाद नको.

दुसरा विषय जड आहे: रुग्णाने स्वतःच्या जिवाला करून घेतलेली इजा. इथे इमारतीत केलेल्या बदलांचा परिणाम आकड्यांत दिसलेला आहे. भारामुळे न सुटणारे पडद्यांचे रॉड मार्च 2002 पर्यंत मनोरुग्ण वॉर्डांतून काढून टाका, असा आदेश इंग्लंडमध्ये निघाला होता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 2007 पासून वॉर्डाच्या पाहणीची एकच तपशीलवार यादी सगळीकडे लागू केली. त्याआधी तिथे दर एक लाख भरतींमागे 4.2 आत्महत्या होत होत्या, नंतर हे प्रमाण 0.74 वर आले. रुग्ण तेच, आजार तेच. बदलली ती पाहणी, आणि पाहणीत सापडलेले दुरुस्त करण्याची शिस्त.

ही पाहणी तिघांनी मिळून करायची: वॉर्डातली सिस्टर, देखभालीचा अभियंता, आणि त्या वॉर्डाशी रोजचा संबंध नसलेला एखादा सहकारी. तिसरा माणूस महत्त्वाचा, कारण रोज दिसणारी वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते. नजर जमिनीपासून छतापर्यंत फिरली पाहिजे, आणि प्रत्येक नळ, कडी, बिजागरी, पाइप हाताने ओढून पाहिला पाहिजे. सुरुवात त्या जागांपासून करा जिथे रुग्ण दार लावून एकटा असतो: संडास, न्हाणीघर, झोपण्याची खोली. सामायिक हॉल आणि जेवणाची जागा त्यानंतर.

सहा महिन्यांतून एकदा पाहणी पुरेशी वाटते. ती फसते मधल्या दुरुस्त्यांमुळे. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या न्हाणीघराचा नळ गळतो, कंत्राटदार येतो, बाजारात मिळेल तो साधा नळ बसवून जातो, आणि कागदावर न्हाणीघर अजून सुरक्षितच असते. भार पडताच सुटणारे पडद्याचे रॉडही असेच बिघडतात. रंगारी त्यावर रंगाचा हात मारतो, कुणी ढिला वाटला म्हणून स्क्रू आवळतो, आणि तो सुटेनासा होतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर त्या खोलीची पुन्हा तपासणी झाल्याशिवाय ती रुग्णाला देऊ नका, आणि रॉड उत्पादकाने सांगितलेल्या भाराला सुटतो का ते वजन लावून पाहा. कामगाराची हत्यारे आत नेताना आणि बाहेर आणताना मोजा. एक पाना कमी भरला तरी वॉर्ड तिथेच थांबवून शोध घ्या.

लहान गोष्टी लहान वाटतात म्हणूनच राहून जातात. रुग्णांच्या खोल्यांतल्या कचरापेट्यांत प्लॅस्टिकची पिशवी नको, कागदी अस्तर वापरा. हात निर्जंतुक करायचे अल्कोहोल भिंतीवर टांगू नका, कर्मचाऱ्यांनी छोटी बाटली स्वतःजवळ ठेवावी. आंघोळीचे पाणी 43-44 अंशांच्या वर जाणार नाही असा गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या झडपेचा बंदोबस्त हवा. औषधांनी सुस्तावलेल्या माणसाला चटका उशिरा जाणवतो. खोलीचे दार दोन्ही बाजूंना उघडणारे असावे, म्हणजे आतून सामान लावून ते अडवता येणार नाही. ऑक्सिजन, सक्शन (घशात अडकलेले ओढून काढणारे यंत्र), अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), हृदयाला झटका देणारे यंत्र आणि फास कापायचे खास कटर एकाच ठिकाणी, एकाच पिशवीत हवे, आणि ते ठिकाण रात्रपाळीच्या बदली माणसालाही डोळे मिटून सांगता आले पाहिजे. सक्शन यासाठी, की मनोविकारांवरच्या कित्येक औषधांनी गिळण्याची क्रिया मंदावते आणि जेवताना घास अडकतो.

निरीक्षणाबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. "दर पंधरा मिनिटांनी पाहा" असा आदेश देऊन डॉक्टर निर्धास्त होतात. ब्रिटनमधल्या आत्महत्यांच्या राष्ट्रीय चौकशीने 2015 मध्ये निरीक्षणाखाली असताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला. बहुतेक मृत्यू अशा अधूनमधूनच्या निरीक्षणात झाले होते, आणि सुमारे निम्म्या वेळा निरीक्षण करणारा कमी अनुभवी किंवा त्या रुग्णाची ओळख नसलेला होता. आपल्याकडे हे काम कोणाला देतो, ते पाहा: सर्वांत नवा परिचर, त्या दिवशी बदली आलेला माणूस. मग ठरलेल्या ठोक्याला दार उघडते, एक डोके आत येते, कागदावर बरोबरची खूण होते. पुढचा ठोका कधी आहे, हे आतल्या रुग्णालाही ठाऊक असते. म्हणून फेऱ्यांची वेळ अनियमित ठेवा, पंधरा मिनिटांच्या आत कधीही. हे काम रुग्णाला ओळखणाऱ्याला द्या, एकाला सलग दोन तासांपेक्षा जास्त बसवू नका, आणि पाहण्याबरोबर बोलणेही अपेक्षित आहे हे लेखी सांगा. नोंदीत खूण नको, एक वाक्य हवे: काय करत होते, काय बोलले. दाखल झाल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत काळजीचा असतो, तेव्हा मनुष्यबळ तिथे जास्त लावा.

आता हिंसेकडे. नॉर्वेत ब्रोसेट इथे तयार झालेली सहा खुणांची एक तपासणी आहे: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा किंवा धसमुसळेपणा, तोंडी धमकी, अंगावर येण्याचा आविर्भाव, वस्तूंवर हल्ला. प्रत्येक शिफ्टला प्रत्येक रुग्णासाठी खूण असल्यास एक, नसल्यास शून्य. बेरीज एक किंवा दोन आली तर मध्यम धोका, तीन किंवा जास्त आली तर पुढच्या चोवीस तासांत जादा धोका. भरायला जेमतेम दोन-तीन मिनिटे लागतात. स्वित्झर्लंडमधल्या 2008 च्या एका चाचणीत अशी तपासणी नियमित वापरणाऱ्या वॉर्डांत गंभीर हल्ले 41 टक्क्यांनी आणि सक्तीचे उपाय 27 टक्क्यांनी कमी झाले.

पण या तपासणीचा तक्ता हाताळायचा कसा, यावर सगळे अवलंबून आहे. फाइल उघडून पाहा: तीन शिफ्टचे अठरा शून्य, एकाच शाईत, एकाच तिरक्या हातात, ओळ न मोडता लिहिलेले. तो तक्ता शिफ्टच्या शेवटी एका दमात भरलेला आहे, आणि तो नसता तरी काही फरक पडला नसता. आकडा शिफ्टच्या सुरुवातीला, हँडओव्हरच्या (आधीच्या शिफ्टने काम सोपवण्याच्या) वेळी दोघांनी मिळून ठरवावा. जो रुग्ण एरवीही मोठ्याने बोलतो त्याला त्याबद्दल गुण द्यायचा नाही. नेहमीपेक्षा वाढले असेल तरच. आणि तीन आकडा आला तर पुढे काय, हे आधी लिहिलेले हवे: कोण जाऊन बोलेल, शांत खोली मोकळी आहे का, डॉक्टरला कधी कळवायचे. ज्या आकड्यापुढे कृती ठरलेली नाही, तो भरण्यात सिस्टरचा वेळ घालवू नका.

अचानक बिघडलेल्या वागण्यामागे शरीराचा आजार असू शकतो, हे वॉर्डात वारंवार विसरले जाते. दारू एकदम बंद झाल्यानंतरची लक्षणे, रक्तातली साखर उतरणे, ताप, डोक्याला मार, लघवीचा संसर्ग. कालपर्यंत शांत असलेला माणूस आज अंगावर येत असेल तर इंजेक्शनच्या आधी, आणि तेवढी उसंत नसेल तर लगेच नंतर, साखर, तापमान, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहिलाच पाहिजे.

भांडणे कुठे पेटतात, तेही गुपित नाही. औषधांची रांग, जेवणाची रांग, फोनची पाळी, आणि शिफ्ट बदलताना सगळा स्टाफ एका खोलीत गेलेला असतो तो अर्धा तास. सर्वांत मोठे कारण म्हणजे नकार. "नाही म्हटले ना एकदा, जाऊन बसा," हे वाक्य आणि "फोन सातला देता येईल, आत्ता दुसऱ्यांची पाळी आहे, तोवर घरी काय निरोप द्यायचा तो सांगा, मी लिहून घेते," हे वाक्य, दोन्हींत नकारच आहे. दुसऱ्यात कारण आहे, वेळ आहे आणि तोवर करण्यासारखे काही आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले लेन बाउअर्स आणि सहकाऱ्यांनी अशाच दहा साध्या सवयींचा एक संच केला, सेफवॉर्ड्स नावाचा. घरची वाईट बातमी आली तर त्या रुग्णाशी आधी कोण बोलणार हे ठरवणे, रुग्ण-कर्मचाऱ्यांनी एकमेकांची थोडी ओळख करून घेणे, रुग्णांची परस्पर मदतीची बैठक, असे त्यात आहे. इंग्लंडमधल्या 15 रुग्णालयांतल्या 31 वॉर्डांत तो तपासला गेला. संघर्षाचे प्रसंग 15 टक्क्यांनी आणि बांधणे, कोंडणे, सक्तीचे औषध यांसारखे उपाय 26.4 टक्क्यांनी कमी झाले. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी उपकरणे लागत नाहीत. नवी इमारत बांधणारच असाल तर स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ओस्ट्रा रुग्णालयाचा आराखडा मागवून पाहा: एकेकाच्या खोल्या, कमी गोंगाट, हलवता येणाऱ्या खुर्च्या, बाग, भरपूर उजेड. जुन्या इमारतीच्या तुलनेत तिथे शारीरिक बंधनांचा वापर निम्म्यावर आला.

तरीही कधीतरी माणसाला धरावे लागते. 1998 साली इंग्लंडमध्ये डेव्हिड बेनेट या रुग्णाचा, सुमारे पंचवीस मिनिटे पालथे दाबून धरल्यावर मृत्यू झाला. चौकशी समितीने नंतर सांगितले की कोणालाही पालथे तीन मिनिटांपेक्षा जास्त धरू नये. आमची मागणी आहे की पालथे धरणेच टाळा. पाठीवर, मानेवर, छातीवर, पोटावर भार द्यायचा नाही. धरणाऱ्या माणसांपैकी एक जण डोक्याशी असावा. त्याचे काम एवढेच: श्वास, ओठांचा रंग आणि घड्याळ पाहणे, आणि रुग्णाशी बोलणे. बाकी कोणी बोलू नये. श्वास कोंडला की माणूस जास्त जोर लावतो. धरणाऱ्यांना तो प्रतिकार वाटतो, ते आणखी दाबतात, आणि इथेच जीव जातो. "श्वास घेता येत नाही" हे शब्द ऐकताच पकड सैल झाली पाहिजे, तो खरे बोलतोय की नाही याची चर्चा करायची नाही. हे प्रशिक्षण न घेतलेल्या सुरक्षारक्षकाने रुग्णाला हात लावू नये, असा लेखी नियम करा.

गुंगीचे इंजेक्शन दिल्यावर "झोपला, सुटलो" असे होते आणि धोका तिथून सुरू होतो. नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान आणि शुद्धीची पातळी किमान तासाला एकदा, आणि रुग्ण झोपलेला दिसत असेल, दारू किंवा नशा घेतलेली असेल, अन्य शारीरिक आजार असेल तर दर पंधरा मिनिटांनी नोंदवा. श्वास मोजताना पांघरूण बाजूला करून छाती पाहा. ईसीजी माहीत नसताना हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाचे इंजेक्शन टाळावे, आणि ओलान्झपिन या तशाच दुसऱ्या औषधाचे इंजेक्शन लोराझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनसोबत देऊ नये.

अंगावरची धोक्याची घंटा प्रत्येक कर्मचाऱ्याला हवी आणि शिफ्टच्या सुरुवातीला दाबून पाहिली पाहिजे. जिना, संडास, भेटीची खोली, जिथे घंटेचा सिग्नल पोहोचत नाही तिथले दोष आधी काढा. घंटा वाजल्यावर धावून कोण येणार, त्या तिघांची नावे रोज फळ्यावर लिहिलेली हवीत, कारण "सगळे येतील" म्हटले की कुणीच येत नाही. तपासणीच्या खोलीत डॉक्टरची खुर्ची दाराजवळ असावी, पण रुग्णाची वाटही अडलेली नसावी. कोंडल्यासारखे वाटले की माणूस अंगावर येतो.

मार खाल्लेल्या सिस्टरला किंवा परिचराला "या कामात असे होणारच" असे ऐकवणे बंद झाले पाहिजे. पगारी रजा, उपचार, आणि पोलिसांत जायचे असेल तर संस्थेचा माणूस सोबत. 72 तासांच्या आत घटनेचा आढावा व्हावा, आणि त्यात रुग्णालाही विचारावे की कुठल्या क्षणी हे थांबवता आले असते. अहवाल लिहिणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळत असेल तर अहवाल येणे बंद होते, घटना बंद होत नाहीत. रुग्णांमधला लैंगिक त्रास तर असाच दडपला जातो. महिलांसाठी स्वतंत्र झोपण्याची जागा आणि आतून बंद करता येणारे, पण स्टाफला बाहेरून उघडता येणारे दार ही किमान अट समजा.

नातेवाईकांची भेट वॉर्डाच्या आत नको. प्रवेशाजवळ वेगळी खोली हवी, मुलांसाठी त्यातच एक कोपरा, आणि प्रवेशाला दोन दारे अशी, की एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडणार नाही. चार्जर, पिशव्या, काच, लायटर, ब्लेड, औषधे लॉकरमध्ये ठेवायला सांगताना कारणही सांगा, म्हणजे कुणी लपवून आणत नाही. आज रुग्णाची मनःस्थिती कशी आहे, हे सिस्टरने भेटीआधी दोन वाक्यांत सांगावे, आणि भेटीनंतर नातेवाइकाला विचारावे, वेगळे काही जाणवले का. घरच्या माणसाला बिघाडाची पहिली चाहूल लागते, ती आमच्या कुठल्याच तक्त्यात नसते. घरी सोडल्यानंतरचे पहिले काही दिवसही तितकेच नाजूक असतात. 72 तासांच्या आत फोन किंवा भेट व्हायलाच हवी, आणि तो फोन कोण करणार त्याचे नाव डिस्चार्जच्या कागदावर हवे.

पुढच्या बैठकीत कॅमेऱ्यांच्या निविदेआधी पाच गोष्टी मांडाव्यात, अशी विनंती आहे. रात्रपाळीच्या स्टाफनिशी वॉर्ड रिकामा करायला लागलेली मिनिटे. घंटा दाबल्यापासून पहिली मदत पोहोचेपर्यंतचे सेकंद. मागच्या तिमाहीत कितीदा आणि किती वेळ रुग्णांना धरले किंवा बांधले, याचा वॉर्डनिहाय आकडा. पाहणीत सापडलेल्या पण महिन्यानंतरही दुरुस्त न झालेल्या जागांची यादी, प्रत्येकीपुढे जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासह. आणि घरी सोडलेल्यांपैकी 72 तासांत संपर्क न झालेल्या रुग्णांची संख्या. हे वॉर्डाच्या दर्शनी फलकावर, रुग्ण आणि नातेवाईक वाचू शकतील असे लावावे.

कळावे,

आपले,
मनोरुग्ण विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका, परिचर आणि देखभाल कर्मचारी